मोडायची राहिलेली परेड

१

ब्रॅकनशॉ गावात बाईची अब्रू तिच्या दारच्या पायरीवर असायची. गिरण्यांचा धूर गावावर सदा बसलेला, खिडक्या काळ्या, भिंती काळ्या, धुतलेला सदरा दुपारपर्यंत काळा. पण पायरी पांढरी. रोज सकाळी प्रत्येक बाई गुडघे टेकून ती धुवायची आणि चिंधीवाल्याकडून जुन्या कपड्यांवर मिळालेला मऊ पांढरा दगड घासून तिची कड रंगवायची. ती वाळेपर्यंत तिच्यावर पाय द्यायचा नाही. जीव प्यारा असेल तर वाळल्यावरही द्यायचा नाही.

एनॉक पिलिंग नेली शॉक्रॉसच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आला त्याला दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षं तो रोज त्या पायरीवर पाय देत होता. मुद्दाम नाही हो. त्याचे पाय तळहातासारखे सपाट होते, पडतील तिथे पडायचे. सैन्याच्या डॉक्टरने त्या पायांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "जा बाबा, घरी जा. जर्मनांवरही काही दयामाया करायला हवी." म्हणून सगळं गाव लढाईवर गेलं तेव्हा एनॉक सहकारी भांडारात चीज कापत राहिला.

"मिस्टर पिलिंग, पाय!"

"चुकलं, मिसेस शॉक्रॉस."

"टॉमने लग्न झाल्यापासून एकदासुद्धा पायरीवर पाय दिला नाही. लांब ढांग टाकून थेट आत. प्यालेला असला तरी!"

टॉम हा नेलीचा नवरा. फ्रान्सातल्या चिखलात कुठेतरी बेपत्ता झालेला. चुलीजवळची खुर्ची टॉमची होती, तिच्यात आता एनॉक बसायचा. सपाता टॉमच्या होत्या, त्या आता एनॉकच्या पायात होत्या. हॉटपॉटच्या, म्हणजे भट्टीत शिजवलेल्या मटण-बटाट्याच्या, तळाला लागलेला खरपूस थर पूर्वी टॉमच्या ताटात जायचा, तोही आता एनॉकच्या वाट्याला येई. एक नवरेपण तेवढं मिळायचं राहिलं होतं. ते तो दर नाताळला आणि दर ईस्टरला मागायचा.

"मी विधवा नाहीये, मिस्टर पिलिंग," नेली दर वेळी सांगायची. "सरकारने 'बेपत्ता' म्हटलंय. छत्रीसुद्धा बेपत्ता होते आणि सापडते."

छत्रीपुढे एनॉकचं काही चालत नसे. पण तिच्यावर त्याचा खरोखर जीव होता. पन्नाशीच्या अलीकडे उभ्या असलेल्या एकट्या माणसाचा बसतो तसा, भीत भीत आणि घट्ट. हे घर, ही खुर्ची आणि ही बाई गेली तर आपल्याला या जगात बसायला जागा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

२

एकोणीसशे एकोणीसच्या जुलैत सगळ्या देशाने शांततेचा उत्सव केला आणि ब्रॅकनशॉनेही विजयाची परेड काढायचं ठरवलं. उत्सव समितीचे अध्यक्ष होते नगरपिते बुथरॉइड. दोन गिरण्यांचे मालक, आणि लढाईच्या काळात गावच्या म्हाताऱ्या स्वयंसेवकांचे मानद कॅप्टन. त्यांनी प्रत्यक्ष गोळी झाडली होती ती एकदाच, आणि ती पाद्रीसाहेबांच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागली होती. पण गणवेश होता आणि परेडला गणवेश लागतो.

पाद्रीसाहेबांनी सुचवलं, की जे परतले नाहीत त्यांच्या जागा रांगेत मोकळ्या ठेवाव्यात. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं नाही ते सार्जंट क्लेगच्या. परतलेल्या पोरांना रांगेत उभं करायचं काम त्याच्याकडे होतं.

"मोकळ्या जागा म्हणजे किती, साहेब? आठव्या रांगेत नुसता एक विल्फ्रेड उरतोय. म्हाताऱ्याचं बोळकं दिसेल!"

तसंच दिसलं. मैदानात पोरं उभी राहिली तेव्हा रांगांमधल्या भगदाडांकडे बायांना बघवेना. नगरपिते घोड्यावर बसले, छाती काढली आणि पाठ केलेल्या भाषणाचा शेवट त्यांनी आभाळाकडे हात करून केला:

"ब्रॅकनशॉच्या वीरांनो! जे आहात ते आणि जे नाहीत तेही! फॉल इन!"

टाळ्या पडल्या. मोठा ढोल एनॉकच्या पोटावर होता. गावच्या बँडमध्ये तो वीस वर्षं तोच वाजवत आला होता, कारण त्याला चाल पाठ लागत नसे, ठेका मात्र कधी चुकत नसे. बँड पुढे आणि मागे परेड असे सगळे टाउन हॉलकडे निघाले.

मधेच आभाळ फाटलं. पाऊस असा कोसळला की पिपाण्यांत पाणी भरलं. नेमका त्याच वेळी टाउन हॉलचा दरवाजा उघडला आणि आतून उकडलेल्या हॅमचा वास आला. चार वर्षं टंचाईत काढलेल्या गावाला हॅमचा वास! कुणी कुणासाठी थांबलं नाही. पोरं धावली, बँड धावला, पाद्रीसाहेब धावले, नगरपिते घोडा तिथेच सोडून सगळ्यांच्या पुढे धावले.

रस्त्यावर शेवटचा राहिला तो एनॉक. ढोल पोटावर घेऊन धावता येत नाही. त्याने वाजवणं थांबवलं होतं. पण मागे बुटांचा आवाज अजून चालू होता. एका ठेक्यात, संथ.

त्याने वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. गिरणीच्या उंच भिंतीवर पाऊस आपटत होता. भिंतीचा प्रतिध्वनी असणार, एनॉकने स्वतःला सांगितलं, आणि तोही हॅमकडे वळला.

३

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला नेलीने हॉटपॉट आणि लाल कोबीचं लोणचं मांडलं. एनॉकने पहिला घास घेतला तेवढ्यात बाहेरून बुटांचा आवाज आला.

पावलांच्या बाबतीत गिरणीगावच्या माणसाला फसवता येत नाही. इथे बाया, पुरुष, पोरं सगळ्यांच्या पायात लाकडी तळाचे क्लॉग. त्यांचा आवाज खडखडीत. हा आवाज खिळे मारलेल्या लष्करी बुटांचा होता, आणि परतलेल्या पोरांनी आपले बूट परेडहून आल्या आल्याच माळ्यावर टाकले होते. आवाज चर्च स्ट्रीटवरून वळला, भांडाराच्या पुढून गेला, त्यांच्या खिडकीपुढून गेला आणि टाउन हॉलकडे विरला. परेडचाच रस्ता.

"क्लेग पोरांना पुन्हा फिरवतोय वाटतं," एनॉक म्हणाला.

"हो का?" नेली म्हणाली. पडदा मात्र तिने सरकवला नाही. एनॉकनेही नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी गावाने जुळवून घेतलं. इंग्रज माणूस घरात वाघ शिरला तरी आधी 'आज हवा बरी आहे' म्हणतो. किराणावाला पावणेसहाला बटाट्याच्या पेट्या पदपथावरून आत ओढू लागला. रस्त्यावर आडवी वाळत टाकलेली धुणी बाया साडेपाचला काढू लागल्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "पावसाचं काही सांगता येत नाही बाई." आभाळ निरभ्र असायचं. दूधवाल्याचा घोडा बरोबर सहाला रस्त्याच्या कडेला होऊन मान खाली घालायचा आणि दूधवाला लगामाशी उगीच खटपट करत बसायचा.

एनॉक भांडारात चीज कापता कापता हिशोब मांडायचा. जमिनीतून येणारी गिरणीची धडधड असेल. जुने पाइप असतील. पोटातला वात असेल, हॅम जरा जास्तच झालं होतं. प्रत्येक कारण दुपारपर्यंत चांगलं टिकायचं.

आठवड्याच्या शेवटी नेलीने खिडकी उघडली. सरळ उघडली, आणि कोपर टेकून उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली.

"काय ऐकू? काही नाहीये!"

"सगळे एकदम पाऊल टाकतायत. एक जण मागे पडतोय. ठक... ठक-ठक. ऐकलंत?" तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं जे एनॉकने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. "टॉमला ठेका कधी जमलाच नाही. आमच्या लग्नात नाचताना माझ्या दोन्ही पायांची नखं काळी केली होती त्याने."

एनॉकने बटाटा न चावताच गिळला. कानावर पडलंच होतं त्याच्या. वीस वर्षं ठेका धरणाऱ्या माणसाला चुकलेलं पाऊल ऐकू येणार नाही तर कुणाला येणार?

४

शेवटी तो नगरपित्यांच्या कचेरीत गेला. तिथे सार्जंट क्लेग आधीच उभा होता, टोपी हातात आणि कपाळाला आठ्या.

"हे बघा," नगरपिते म्हणत होते, "गावात कुठलाही आवाज नाही. असलाच तर तो प्रतिध्वनी आहे. समितीने तसा ठराव केलाय."

"साहेब, परेड मोडलीच नाही," क्लेग म्हणाला.

"म्हणजे?"

"फॉल इन म्हटलंत. डिसमिस म्हणायचं राहिलं. आहेत ते आणि नाहीत तेही, असं तुम्हीच बोलावलंत. आहेत ते हॅम खायला गेले. नाहीत त्यांना कोण सांगणार?"

"मी विसरलो असं तुला म्हणायचंय?"

"मी कशाला म्हणू, साहेब? हॅम म्हणतंय."

नगरपित्यांचा चेहरा बिटासारखा लाल झाला. "मग तू म्हण ना जाऊन डिसमिस! तोंड आहे ना तुला?"

"ज्याने परेड घेतली त्यानेच मोडायची असते. नाहीतर त्याच्या ढोलवाल्याने. मी तर..." क्लेग घुटमळला. "मी त्यांना एकदा सोडून आलोय, साहेब. माझ्याच्याने नाही व्हायचं."

समितीने मधला मार्ग काढला. आजारी माणसाच्या घरापुढे चाकांचा आवाज होऊ नये म्हणून रस्त्यावर पेंढा पसरतात, तसा तो परेडच्या सगळ्या रस्त्यावर पसरला. त्या संध्याकाळी आवाज खरंच आला नाही. नगरपित्यांनी क्लबात सगळ्यांना बिअर पाजली. सकाळी लोक बाहेर पडले तेव्हा पेंढा ओळींमध्ये दबलेला होता. सगळीकडे नाही. मधे मधे उभा, आणि जिथे परेडमध्ये भगदाडं होती नेमक्या तेवढ्या पट्ट्यांत सपाट. आठव्या रांगेतला विल्फ्रेड आपली जागा शोधत गेला. त्याच्या एकट्याच्या जागेवरचा पेंढा तेवढा उभा होता. तो तिथून जो पळाला तो थेट मावशीच्या गावाला जाऊन थांबला.

त्यानंतर पेंढा कुणी उचललाही नाही. घोड्यांनी खाल्लाही नाही.

५

"एनॉक," नेली म्हणाली.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. दोन वर्षांत ती त्याला कधी एनॉक म्हणाली नव्हती.

"तुम्हीच का नाही करत? ढोल तुमचा आहे. त्यांना सुट्टी द्या. बिचारे किती चालतायत. पाय दुखले असतील."

"आणि... मग तुम्ही..." एनॉक म्हणाला. "म्हणजे टॉमला सुट्टी मिळाली, की मग तुम्हीसुद्धा मोकळ्या, नाही का?"

नेलीने त्याच्या ताटात खरपूस थराचा मोठा तुकडा वाढला. "सगळं मार्गी लागेल," ती म्हणाली.

माणसाला जे हवं असतं तेच ऐकू येतं. एनॉकला लग्नाची घंटा ऐकू आली. परेड मुकाट आपल्या वाटेने जाईल, टॉमही तिच्याबरोबर जाईल, आणि सुंठीवाचून खोकला जाईल. त्या रात्री तो टॉमच्या सपातांत पाय खुपसून, नव्या घरधन्यासारखा घोरत झोपला.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी तो टाउन हॉलच्या पायऱ्यांवर ढोल घेऊन उभा राहिला. नगरपिते आले. गणवेशाची मधली दोन बटणं लागत नव्हती. क्लेग खांबाआड होता. गाव खिडक्यांत होतं, अर्थात कुणीच बघत नव्हतं.

आवाज आला. चर्च स्ट्रीटच्या वळणावर आधी पुसट, मग ठळक, मग जमिनीतून थेट एनॉकच्या सपाट तळव्यांत. चौक उन्हाने भरलेला होता आणि त्यात काहीही नव्हतं. तरी ओल्या लोकरीचा वास आला. त्यामागून दुसरा एक वास, खणलेल्या मातीचा. एनॉकने थांबण्याची खूण म्हणून ढोलावर दोन ठोके दिले.

आवाज थांबला. एक पाऊल जरा उशिरा थांबलं.

"बोला, साहेब!" क्लेग खांबाआडून कुजबुजला.

नगरपित्यांनी तोंड उघडलं. "डि..." एवढंच बाहेर आलं, तेही मांजराच्या पिलासारखं. ते चौकात कुठेतरी एकाच जागी बघत होते. समोर कुणी नव्हतं, पण आपल्याकडे मुंड्या वळल्या की माणसाला कळतं. एनॉकलाही कळलं. मग त्याला नेलीची आठवण झाली, आणि चीजच्या गिऱ्हाइकांवर वीस वर्षं ओरडून कमावलेला आवाज त्याने बाहेर काढला.

"परेड! डिस... मिस!"

बूट एकदम उजवीकडे वळले. एक ठोका सगळं निःशब्द होतं. आणि मग रांग फुटली. शाळा सुटावी तशी! खिळ्यांचे बूट चहूकडे धावत सुटले, चर्च स्ट्रीटकडे, कालव्याकडे, गिरणीमागच्या चाळींकडे. एनॉकच्या अगदी कानाजवळून कुणीतरी धापा टाकत गेलं. त्याची टोपी वाऱ्याने हलावी तशी हलली. वारा मात्र नव्हता.

"गेले!" एनॉक आनंदाने ओरडला. "क्लेग, गेले ना?"

क्लेग खांबाला धरून खाली बसला होता. त्याचे डोळे वाहत होते.

"पिलिंग," तो म्हणाला, "तू कधी सैन्यात नव्हतास. डिसमिस झालेला शिपाई कुठे जातो, ठाऊक आहे का तुला?"

"कुठे?"

"घरी, बाबा. दुसरीकडे कुठे जाणार?"

६

एनॉक ढोल तिथेच टाकून निघाला. त्याच्या आयुष्यात तो इतक्या भराभर कधी चालला नव्हता.

चर्च स्ट्रीटवर बऱ्याच घरांची दारं उघडी होती. त्या प्रत्येक दाराच्या पांढऱ्याशुभ्र पायरीवर बुटाचा एकेक ठसा होता. ओला. ब्रॅकनशॉची माती कोळशासारखी काळी, ठशांतली ही मात्र खडूसारखी फिकट, फ्रान्सातल्या चिखलाची होती. मिसेस हॅलम, जिने पायरीवर मांजर बसलं म्हणून शेजारणीशी सहा महिने अबोला धरला होता, ती दारात उभी राहून त्या ठशाकडे बघत होती. हातात ओलं फडकं होतं, पण ती तो ठसा पुसत नव्हती. आत कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती लगबगीने आत गेली आणि दार लागलं.

एनॉक धावू लागला. ठसा, ठसा, मग एक कोरी पायरी, मग पुन्हा ठसा. कोपरा वळून तो आपल्या गल्लीत आला आणि नेलीच्या दारापुढे थांबला.

पायरी स्वच्छ होती. पांढरी, कोरडी, सकाळी घासली तशी. एक डाग नाही.

देवा, तुझे उपकार! एनॉकला रडूच आलं. सगळ्यांकडे आले, पण इथे कुणी आलं नव्हतं. छत्री कायमची हरवली होती. तो तसाच पायातल्या क्लॉगसकट धाडकन पायरीवर चढला.

"मिस्टर पिलिंग, पाय!" नेली आतून म्हणाली.

मिस्टर पिलिंग. तो उंबऱ्यातच थबकला. एक पाऊल मागे घेऊन त्याने पायरीवर उमटलेल्या स्वतःच्या ठशाकडे पाहिलं. पायरीवर कधीच पाय न देणारा, प्यालेला असला तरी लांब ढांग टाकून थेट आत जाणारा या गल्लीत एकच माणूस होता.

टेबलावर तीन ताटं होती. चुलीजवळची खुर्ची आगीकडे वळवलेली, दाराकडे पाठ. खुर्चीच्या वरून काही दिसत नव्हतं आणि एनॉकने मान उंच केली नाही. सपाता नेहमीच्या जागी नव्हत्या. त्यांच्या जागी चुलीच्या कठड्याशी बुटांची जोडी वाळत होती आणि तिच्यातून वाफ निघत होती.

नेली चुलीपाशी वाकून हॉटपॉटच्या तळाचा खरपूस थर सोडवत होती. तिचे गाल लाल झाले होते आणि ती कुठलंतरी नाचाचं गाणं गुणगुणत होती. खुर्चीखालून एक सपात जमिनीवर ताल धरत होती. ठक... ठक-ठक. ठेका चुकत होता.

एनॉकला ओरडावंसं वाटलं, पळावंसं वाटलं. पण कुठे? वरची खोली सोडली तर त्याला जगात जागा नव्हती, आणि जिना खुर्चीच्या पलीकडे होता.

"उभे काय राहिलात?" नेली वळून न पाहता म्हणाली. "मागच्या खोलीतलं स्टूल घ्या. आणि तेवढं दार लावून घ्या, मिस्टर पिलिंग. त्याला थंडी फार लागते."

एनॉकने दार लावलं. टोपी काढून खुंटीवर ठेवायला गेला, तर खुंटीवर आधीच एक टोपी होती. तिच्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. त्याने आपली टोपी हातातच धरली, स्टूल आणलं, आणि खुर्चीकडे न बघता टेबलाच्या अगदी टोकाला बसला.

"आज हवा बरी आहे," तो म्हणाला.

सपात थांबली. खुर्ची हळूहळू त्याच्याकडे वळू लागली.